तिरकी जागा आणि आपले विहार

(होळी, वसई येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला माणूस बोलायला उभा राहिला की त्याने तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या जीवनकार्यावर बोलावे, अशी आपली रीत आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते काम उत्तम केले आहे. मला समितीने सांगितले, तुम्ही जागेवर बोला. गेले काही महिने आपल्या वस्तीत हाच एक विषय चालला आहे. जुने विहार पावसाळ्यात गळते, पत्रे सडले, ते उतरवून पक्के बांधकाम करायचे ठरले. वर्गणी हळूहळू जमते आहे. पण घोडे अडले आहे ते जागेपाशी. जागा तिरकी आहे. चार बाजू चार मापांच्या, एकही कोपरा काटकोनात नाही.

यावर तीन मते ऐकू येतात. पहिले मत, जागा व्याघ्रमुखी आहे, वरून रस्ता दक्षिणेला, इथे बांधले तर वस्तीला बाधेल. दुसरे मत, ही जागा कुणाला तरी देऊन टाकू आणि त्याबदली नव्या इमारतीत चौकोनी हॉल घेऊ. तशी सूचना एका बाजूने आलेलीही आहे. तिसरे मत तरुणांचे, काहीही होवो, नागपूरच्या दीक्षाभूमीसारखा घुमट झालाच पाहिजे. या तिन्हींचा विचार आज मोकळेपणाने करू या. मी काही इंजिनीअर नाही. माझा जन्म साचेखात्यात गेला. पण जे वाचले, जे गवंड्यांना आणि जाणत्यांना विचारून घेतले, ते तुमच्यापुढे ठेवतो. पटेल ते घ्या.

जागेला दोष असतो काय?

समोर रुंद आणि मागे चिंचोळी ती व्याघ्रमुखी, समोर चिंचोळी आणि मागे रुंद ती गोमुखी, असे वास्तूवाले सांगतात. गोमुखी घराला चांगली, व्याघ्रमुखी वाईट. पण तेच लोक पुढे सांगतात की व्याघ्रमुखी दुकानाला मात्र चालते. म्हणजे हा वाघ घरातल्या माणसाला खातो आणि दुकानदाराला सोडतो! असा हिशेबी वाघ मी तरी पाहिला नाही.

बंधूंनो, हसण्यावारी नेऊ नका. आपल्यातली शिकलेली मंडळीसुद्धा फ्लॅट घेताना होकायंत्र घेऊन फिरतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या आपण भिंतीवर लावतो. आणि त्याच भिंतीची दिशा ठरवायला ज्योतिषाकडे जातो. दीघनिकायात पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त आहे. भिक्खूने कोणत्या विद्यांवर पोट भरू नये त्याची मोठी यादी त्यात आहे. अंगावरच्या खुणा पाहून भविष्य सांगणे, स्वप्नांचे अर्थ लावणे, ग्रहणे वर्तवणे, आणि त्याच यादीत 'वत्थुविज्जा' हा शब्द आहे. वत्थु म्हणजे वास्तू. घराच्या जागेचे शुभाशुभ सांगण्याची विद्या तथागतांच्या संघाने हीन विद्येत घातली. अडीच हजार वर्षांपूर्वी जे बाद झाले ते आपण आपल्या विहाराच्या पायात भरायचे काय?

आणि दुसरी गोष्ट तर आपल्या घरची आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यात सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावला सापडला. भुईगाव म्हणजे आपल्याच वसईतले. या नवव्या लेखात अशोक काय सांगतो? लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे आहे. खरे मंगल धम्माचे. नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांबाबत संयम, हे खरे मंगल. धर्मांतर ज्या साली झाले त्याच साली हा दगड आपल्या तालुक्यात सापडला. योगायोगच आहे, चमत्कार म्हणून मी सांगत नाही. पण ज्या मातीत हा दगड सापडला त्या मातीत बसून आपण जागेला अशुभ म्हणणे शोभत नाही.

आता दिशेचे. भगवंतांची मूर्ती पूर्वेलाच तोंड करून हवी असे काहींचे म्हणणे आहे. बोधगयेला तथागत पूर्वाभिमुख बसले होते हे खरे. पण अजिंठ्याला जाऊन बघा. वाघोरा नदीने तिथे घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. त्या वळणाच्या कड्यात सुमारे तीस लेणी कोरली आहेत. कडा वळतो तशी लेण्यांची तोंडे वळतात. एका लेण्याची दिशा दुसऱ्याला नाही. मग तिथल्या मूर्ती कमी पवित्र झाल्या काय? कारागिरांनी कड्याला हुकूम केला नाही की आधी सरळ हो, मग कोरतो.

वाकड्या जागेचे धनी आपण एकटे नाही

आपल्याला उरलीसुरली जागा मिळाली, म्हणून ती वाकडी, असे म्हातारी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावात चौकोनी तुकडा कोणी काढून ठेवला नव्हता. पण एवढेच कारण नाही. वसईची जमीन आधी वाड्यांची, बावखलांची आणि बैलगाडीच्या वाटांची आहे. केळीच्या, पानवेलीच्या वाड्या पाण्याच्या उताराने पडल्या, वाटा वाडीच्या बांधाने वळल्या, घरे त्या वाटांना धरून उठली. होळीच्या बाजारातून गावात शिरा आणि बघा, किती घरांचे कोपरे काटकोनात आहेत. ख्रिस्ती बांधवांचे, आगऱ्यांचे, मुसलमानांचे, सगळ्यांचे तुकडे असेच. खाली किल्ल्यावर जा. पोर्तुगीजांजवळ सत्ता होती, पैसा होता, पण त्यांच्या तटालाही खाडी आणि समुद्र बघूनच वळावे लागले.

मोठ्या शहरातही हेच. अमेरिकेत न्यूयॉर्कला ब्रॉडवे आणि फिफ्थ अव्हेन्यू हे दोन रस्ते तिरके कापतात. मध्ये त्रिकोणी तुकडा उरला. इस्त्रीच्या आकाराचा म्हणून लोक त्याला 'फ्लॅटआयर्न' म्हणत. १९०२ साली डॅनियल बर्नहॅम या वास्तुरचनाकाराने त्यावर बावीस मजली इमारत उभी केली. उंची २८५ फूट आणि पुढच्या टोकाला रुंदी जेमतेम साडेसहा फूट. त्याने त्रिकोणात चौकोन कोंबला नाही. त्रिकोणाचीच इमारत केली. आज जग ती बघायला जाते.

इतके लांब कशाला, चर्चगेटला उतरा. समोर इरॉस सिनेमा आहे. १९३८ सालचा, शोराबजी भेदवार यांनी रचलेला. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची जागा. त्यांनी दोन्ही रस्त्यांना धरून दोन बाजू ठेवल्या आणि कोपऱ्यावर जिथे त्या मिळतात तिथे गोल बुरूज चढवून प्रवेश दिला. जो कोपरा दुसऱ्याने अडचण म्हणून सोडला असता तोच त्या इमारतीचा चेहरा झाला.

आणि आपल्या बौद्ध परंपरेत तर आकाराचा हट्ट कधीच नव्हता. कार्ल्याचे चैत्यगृह लांबट, मागच्या बाजूला हत्तीच्या पाठीसारखे गोल. जुन्नरजवळ तुळजा लेण्यांत चैत्यगृह पूर्ण वर्तुळाकार आहे, स्तूपाभोवती बारा खांब. कान्हेरीचे अकरा नंबरचे लेणे, ज्याला दरबार म्हणतात, ते लांबच लांब आणि आत दोन बैठे दगडी ओटे. काम निराळे, खडक निराळा, म्हणून आकार निराळा. चुल्लवग्गात सांगितले आहे की तथागतांनी भिक्खूंना पाच प्रकारच्या निवासांची परवानगी दिली. विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. एकच नमुना सर्वांनी गिरवावा असे त्यांनी सांगितले नाही.

आधी मोजणी, मग बोलणी

आता आपल्या जागेकडे येऊ. रस्त्याची बाजू ५२ फूट. उजवी बाजू ५६ फूट. मागची २५ फूट. डावी ६५ फूट. वस्तीत सगळे म्हणतात, दोन गुंठ्यांच्या वर जागा आहे. हा आकडा आला कुठून? समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणायचे, ही गावची पद्धत. ५२ आणि २५ ची सरासरी साडेअडतीस. ५६ आणि ६५ ची साडेसाठ. गुणाकार २,३२९ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे दोन गुंठ्यांहून दीडशे फूट जास्त.

पण ही पद्धत काटकोनी जागेलाच बरोबर आहे. जागा जितकी तिरकी तितका हा आकडा फुगतो. खरी रीत अशी की एक कर्ण मोजायचा. रस्त्याच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आपण टेप लावली, ६० फूट भरले. आता जागेचे दोन त्रिकोण झाले. एक ५२, ५६, ६० चा. दुसरा ६०, २५, ६५ चा. शाळेत आठवी-नववीत शिकवतात ते सूत्र घ्या. तीन बाजूंच्या बेरजेची निम्मी करायची, तिच्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचे. पहिल्या त्रिकोणाची निम्मी बेरीज ८४, क्षेत्र १,३४४ चौरस फूट. दुसऱ्याची निम्मी बेरीज ७५, क्षेत्र ७५०. एकूण २,०९४ चौरस फूट. म्हणजे दोन गुंठ्यांना थोडी कमीच. दोन्ही हिशेबांत २३५ फुटांचा फरक. पंधरा बाय पंधराची एक खोली हवेत होती!

मुलामुलींनो, तुम्ही हे घरी करून पाहा. आणि दुसरा कर्णही मोजा, तो साडेसत्त्याहत्तर फुटांच्या आसपास भरला पाहिजे. नाही भरला तर कुठेतरी टेप चुकली. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे कोणी कागद घेऊन येईल आणि म्हणेल, तुमची जागा एवढीच किंवा तेवढी, तर आपल्या हातात आपला हिशेब पाहिजे. अर्थात आपल्या टेपने कायदा चालत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी, हद्दीच्या खुणा आणि नकाशाची नक्कल घेतली पाहिजे. ते झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

आतून बाहेर या

गिरणी बांधणाऱ्याने आधी भिंती बांधल्या आणि मग साचे कुठे बसवायचे याचा विचार केला, असे कधी झाले नाही. आधी साचा किती जागा घेतो, दोन साच्यांमध्ये कामगाराला किती वाट लागते, माल कुठून येतो आणि कापड कुठून जाते, हे ठरले. मग खांब आणि शेवटी भिंत. बाबासाहेबांनी दादरला हिंदू कॉलनीत राजगृह बांधले तेव्हाही घराआधी ग्रंथांचा विचार होता. पुस्तके कुठे राहतील आणि ती वाचणारा माणूस कुठे बसेल, यावरून घर ठरले. आपणही तसेच करावे. विहारात आपण काय करतो त्याची यादी आधी करा. वंदना, धम्मदेसना, बालसंस्कार वर्ग, मुलांची अभ्यासिका, महिला मंडळाची बैठक, वर्षावासात भन्तेजींचा मुक्काम, लग्न, पुण्यानुमोदन आणि १४ एप्रिल व बुद्धपौर्णिमेची गर्दी.

आता आराखडा. आपल्याकडे सवय आहे की इमारतीचे तोंड रस्त्याला समांतर ठेवायचे आणि मध्ये बांधायचे. तिरक्या जागेत असे केले की चारही बाजूंना पाचरी उरतात. एकीत शिडी मावत नाही, दुसरीत कचरा साचतो. म्हणून एक युक्ती सांगतो. सर्वांत लांब आणि सरळ बाजू धरा. आपली डावी ६५ फुटांची. तिच्यापासून सारख्या अंतरावर, तिला समांतर, सभागृह ठेवा. डाव्या हाताला पाच फुटांचा सरळ बोळ राहील. २० बाय ३४ चे सभागृह बसते. ६८० चौरस फूट. मांडी घालून बसायला माणशी सहा-सात फूट धरले तर शंभर माणसे आरामात बसतील. बाकीचा सगळा वाकडेपणा उजव्या हाताला एका मोठ्या त्रिकोणात गोळा होतो. शिंपी कापड बेततो तेव्हा चिंध्या चहूकडे सांडू देत नाही, एका कडेला कापड वाचवतो आणि त्याची बाही काढतो. तसे हे.

या त्रिकोणाचे काय करायचे? ते आपले अंगण. शंभर आत आणि बाकीचे अंगणात मांडवाखाली. सभागृहाची उजवी भिंत बंद न ठेवता तीन मोठी दारे ठेवली की आत-बाहेर एकच सभा होते. सहा डिसेंबरला आपण चैत्यभूमीला रांगेत उभे राहतो. एका वाटेने आत, दुसऱ्या वाटेने बाहेर, म्हणून ती प्रचंड गर्दी सरकत राहते. आपल्याकडेही पुढून आत आणि बाजूने अंगणात, अशी दोन तोंडे पाहिजेतच. आग लागली, चेंगराचेंगरी झाली तर एकाच दारावर शंभर जीव टांगलेले नकोत.

आता जोत्याचे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार किती दिवस पाण्यात होते ते कोणी विसरले नसेल. जोते अडीच फूट तरी वर घ्यावे लागेल, नेमके किती ते पाण्याची जुनी खूण बघून इंजिनीअरने ठरवावे. चुल्लवग्गात ही गोष्टही आहे. विहार सखल जागी होते, पाणी शिरायचे. तथागतांनी जोते उंच करायला परवानगी दिली. जोत्याचा भराव ढासळू लागला, तेव्हा विटा, दगड किंवा लाकडाने ते बांधून काढायला सांगितले. चढायला त्रास होऊ लागला, तेव्हा पायऱ्या सांगितल्या. चढताना माणसे पडू लागली, तेव्हा धरायला कठडा सांगितला. बघा, एकेक अडचण आणि एकेक उपाय! कुठेही शुभ-अशुभ नाही.

पायऱ्या तरण्यांना ठीक. पण ज्या आजी आषाढी पौर्णिमेला काठी टेकत येतात, जो भाऊ चाकाच्या खुर्चीत आहे, त्यांचे काय? एक फूट उंचीला बारा फूट उतार, असा उतारमार्ग पाहिजे. अडीच फुटांना तीस फूट लांबी. चौकोनी लहान जागेत तीस फूट आणायचे कुठून, म्हणून लोक उतारमार्ग टाळतात. आपली उजवी तिरकी बाजू ५६ फूट आहे! रस्त्याच्या कोपऱ्यातून निघून त्या कुंपणाच्या कडेकडेने तीस फूट चढायचे आणि बाजूच्या दाराने थेट सभागृहात. ज्या तिरक्या बाजूला आपण दोष म्हणत होतो ती म्हाताऱ्यांची वाट झाली.

मागे चिंचोळा भाग उरतो. साधारण दहा बाय पंधरा. तिथे भन्तेजींची खोली, आणि महिलांसाठी व पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे. महिलांचे स्वच्छतागृह नंतर बघू, हे यावेळी चालणार नाही. वर पहिल्या मजल्यावर अभ्यासिका. मागची बाजू उत्तरेला आहे. गिरणीचे दातेरी छप्पर तुम्ही पाहिले असेल, त्याच्या काचा उत्तरेकडे असतात. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा, डोळ्यावर ऊन नाही आणि सुताची तार दिसते. सुताची तार दिसते तिथे पुस्तकाचे अक्षर दिसेलच. म्हणून अभ्यासिकेच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस झोडपतो आणि दुपारचे ऊन येते, तिथे खिडक्या लहान आणि वर खोल छज्जा.

हे सगळे धरून तळमजल्याचे बांधकाम जागेच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास राहते. काहींना वाटेल, एवढी जागा मोकळी का सोडायची, कुंपणापर्यंत भिंत न्या. तर महानगरपालिकेची परवानगी लागते आणि ३ डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे, तीत रस्त्यापासून आणि शेजाऱ्यांपासून किती सोडायचे ते ठरलेले आहे. आमचा आराखडा त्या मापात आणखी थोडा सरकेल, पण रीत बदलणार नाही. आणि हा नियम सरकारचाच आहे असे समजू नका. विनयपिटकात भिक्खूने कुटी कुठे बांधावी त्याची अट आहे. जागा संघाला दाखवून मंजूर करून घ्यायची. तिथे जीवजंतूंचा नाश होऊ नये. आणि कुटीभोवती जुंपलेली बैलगाडी फिरेल, शिडी फिरेल एवढी मोकळी जागा पाहिजे. नकाशामंजुरी आणि मोकळी सीमा, दोन्ही त्यात आले. जो भिक्खूंना नियम तो आपल्याला जाच कसा?

घुमटाबद्दल

तरुण मित्रांनो, तुमची भावना मी जाणतो. दीक्षाभूमीचा घुमट डोळ्यांत मावत नाही. शिवदानमल यांनी तो रचला, १९७८ साली काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याचा व्यास १२० फूट आहे. आपल्या जागेची सर्वांत लांब बाजू ६५. हा घुमट इथे बसवायचा तर तो लहान करत करत शेवटी पाण्याच्या टाकीएवढा होईल. थोरामोठ्यांच्या वास्तूची खेळण्यातली प्रत करणे हा आदर नव्हे. चैत्यभूमी बघा. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताईंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वस्ती. तिथे चौरस वास्तू आणि वर लहान घुमट केला. जागेने जेवढे दिले तेवढे घेतले. आणि कोट्यवधी माणसे तिथे माथा टेकतात ते घुमटाच्या मापामुळे नाही.

ओळख पाहिजे तर ती कमानीत ठेवा. दर्शनी भिंतीला पिंपळपानी गवाक्ष करा, आमच्या सोपाऱ्याच्या स्तूपाची आठवण म्हणून अंगणात विटांचा बसका गोल ओटा करा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाचा कोट खणला तेव्हा विटांच्या स्तूपाच्या पोटात दगडी करंडक मिळाला, बुद्धांच्या मूर्ती मिळाल्या. नागपूर आपलेच आहे, पण सोपारा तर अंगणात आहे.

जागा बदलायची का?

आता शेवटचे आणि जोखमीचे. जागा द्या आणि हॉल घ्या. ऐकायला गोड आहे. पण जमीन आणि हॉल या दोन गोष्टी आहेत. जमिनीवर आपण वर मजला चढवू, अंगणात शाळा भरवू. इमारतीतल्या हॉलवर दुसऱ्याचे छप्पर, दुसऱ्याचा जिना, सोसायटीचे नियम. सकाळी सहाला वंदनेचा आवाज झाला तर तक्रार. तिथे लग्नाचा मांडव पडेल काय, पुण्यानुमोदनाचे जेवण शिजेल काय? आणि कायद्याचेही बघा. नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची किंवा अदलाबदल करायची तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. चार पदाधिकाऱ्यांच्या सहीने हे होत नाही. कोणी अध्यक्षांच्या घरी पेढे घेऊन आला तरी होत नाही. हा विषय सर्वसाधारण सभेत, माता-भगिनींच्या समोर, मतदानानेच सुटला पाहिजे.

माझे मत विचाराल तर जागा सोडू नये. जो माणूस वाकडी म्हणून ती स्वस्तात मागतो, तो ती वाकडी ठेवून फेकून देणार नाही. त्याला तिचा उपयोग कळलेला आहे. आपल्यालाच कळायचा राहिला होता.

बांधताना

चार व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. एक, पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागाला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. वाकड्यातिकड्या इमारती हादऱ्यात पिळवटतात, सरळ चौकोन तग धरतो. म्हणून जागा तिरकी असली तरी सभागृह काटकोनात घ्यायचे, खांब समोरासमोर ठेवायचे, आणि खांबांचा हिशेब परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच घ्यायचा. गुण्या लावून किंवा दोरीने तीन-चार-पाचचा त्रिकोण करून प्रत्येक कोपरा तपासा. दोन, आपली हवा खारी. समुद्राची वाळू आणि मचूळ पाणी काँक्रीटला वापरू नका, आतली सळई गंजते आणि दहा-पंधरा वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. तीन, मैल्याची टाकी अंगणाच्या रस्त्याकडच्या भागात, गाडीचा पाइप पोचेल अशी घ्या. विहिरी-बावखलांपासून दूर ठेवा. चार, बोधिवृक्ष. भिंतीला लागून पिंपळ लावाल तर त्याची मुळे जोते उचलतील आणि टाकी फोडतील. पिंपळाला मोकळे मैदान शोधू, वस्तीतली मुले त्याला पाणी घालतील.

पैशाचे म्हणाल तर एकदम सगळे होणार नाही. यंदा मोजणी आणि नकाशा, पुढे पाया आणि जोते, मग सभागृह, मग वरचा मजला. पण पायाचे खांब वरच्या मजल्याच्या हिशेबाने आताच घालावे लागतील. पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहिला गेला पाहिजे, कारण यात धुणीभांडी करणाऱ्या बायांचे पैसे आहेत.

समितीला माझी विनंती आहे की येत्या सभेत तीन ठराव मांडावेत. सरकारी मोजणीचा, जागा न देण्याचा आणि आराखडा मंजुरीला पाठवण्याचा. आराखडा आधी आठ दिवस विहारात भिंतीवर लावावा. ज्याला शंका आहे त्याने पेन्सिलीने त्यावर लिहावी. महिला मंडळाने स्वच्छतागृह आणि स्वयंपाकाच्या जागेबद्दल आपले म्हणणे लेखी द्यावे.

 एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!